रांग जूनमध्ये लागली, पैसे पाडव्यालाच गेले होते

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या तालुक्याच्या गावी वीस-बावीस वर्षं चाललेली नागरी सहकारी बँक होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरला, दुसऱ्या दिवशी बँकेपुढे रांग लागली आणि आठ दिवसांत पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. अध्यक्ष म्हणतात, चांगली बँक अफवेनं बुडवली. गावही तेच म्हणतंय. अफवेनं बँक खरंच बुडते का? आणि माझ्या आईच्या सात लाखांचं काय होणार?’

मी सुरुवातीला तीन वर्षं एका नागरी बँकेत रोखपाल होतो. मग अठ्ठावीस वर्षं सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं आणि शेवटी शेवटी दोन संस्थांवर अवसायक म्हणून बसलो. अवसायक म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची वसुली करून, राहिलेलं किडूकमिडूक विकून देणेकऱ्यांना वाटणारा माणूस. आमच्याकडे लोक तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि माघारी ‘बँकेचं तेरावं घालणारा’. तर रांग मी खिडकीच्या आतूनही पाहिली आहे आणि बाहेरूनही.

तुमच्या अध्यक्षांचं म्हणणं निम्मं खरं आहे. ते निम्मं आधी सांगतो.

समजा बँकेच्या ठेवी १०० कोटींच्या आहेत. त्यातले साठ-पासष्ट कोटी कर्जात गेलेले असतात. १८ टक्के रक्कम एसएलआर म्हणून, म्हणजे सहज विकता येईल अशा मालमत्तेत, बहुतेक सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते, तीन-चार टक्के सीआरआरमध्ये, म्हणजे सक्तीच्या रोख राखीव निधीत जाते आणि थोडी दुसऱ्या बँकांत ठेवलेली असते. सगळ्या शाखांच्या तिजोऱ्या उघडून मोजल्या तर रोकड दीड-दोन कोटी निघेल. यात काही काळंबेरं नाही. तिजोरीतल्या नोटेला व्याज मिळत नाही, म्हणून कुठलाच शहाणा व्यवस्थापक गरजेपेक्षा जास्त रोकड ठेवत नाही. नेहमीच्या दिवशी शाखेतून दहा-बारा लाख जातात, तेवढेच येतात. रांगेच्या दिवशी मात्र नुसते जातात, येत काहीच नाही. आणि कर्जदाराला बोलावून ‘आज सगळे भरा’ असं म्हणता येत नाही. त्याचे पैसे पाइपलाइनमध्ये पुरलेले असतात, दवाखान्याच्या स्लॅबमध्ये असतात, किराणा दुकानाच्या फळीवर असतात.

म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी मागितले तर जगातली कुठलीच बँक देऊ शकत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, तेही बहुतेक घरबसल्या, मोबाइलवरून. आपल्याकडे १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या शेजारची, अकोल्याची लक्ष्मी बँक बंद पडली आणि देशभर ठेवीदार हबकले. त्यातूनच १९६१ चा ठेव विम्याचा कायदा झाला. सुरुवातीला विम्याचं संरक्षण फक्त १,५०० रुपयांचं होतं.

मराठवाड्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती पुण्या-मुंबईच्या साहेबांना सांगून पटत नाही. इथल्या ठेवींना हंगाम असतो. दिवाळीपासून सोयाबीन-कापसाचे पैसे यायला लागतात, मग तूर, मग उसाची बिलं, बसमत-हिंगोलीकडे हळद. फेब्रुवारी-मार्चपर्यंत बँक भरलेली असते. मग लग्नसराई, आणि मृगाच्या तोंडावर बियाणं, खत, पोरांचे प्रवेश, होस्टेलचे पैसे. जूनमध्ये गावाचा पैसा जमिनीत असतो. डिसेंबरमध्ये आलेली अफवा बँक पचवू शकते. तीच अफवा जूनमध्ये आली तर आधीच ओहोटी असते. तुमच्याकडे जूनमध्ये रांग लागली, यात हाही भाग आहे.

इथपर्यंत अध्यक्ष बरोबर आहेत. आता दोन रांगा सांगतो.

पहिली २००२ च्या सुमाराची. आदल्या वर्षी अहमदाबादची माधवपुरा बँक शेअरबाजारातल्या कर्जापायी कोसळली होती, त्यामुळे सहकारी बँक म्हटलं की लोक बिचकूनच होते. परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या बँकेत माझं लेखापरीक्षण चालू होतं. बाजाराचा दिवस. कुणीतरी खबर आणली की एका संचालकाच्या भावाच्या जिनिंगला दुसऱ्या बँकेनं टाळं ठोकलं. साडेदहाला पंधरा माणसं होती, बारा वाजता दोनशे. व्यवस्थापकांनी बाहेर येऊन रांग पाहिली आणि शिपायाला सांगितलं, मंडपवाल्याला बोलव. मी म्हटलं, मांडव घातला तर आणखी लोक येतील. ते म्हणाले, ‘येऊ द्या. उन्हात उभा राहिलेला माणूस जास्त तापतो.’

मांडव पडला, पाण्याचे दोन रांजण आले. व्यवस्थापक स्वतः दुसऱ्या खिडकीवर बसले. मुदत ठेव मोडायला आलेल्या एकालाही ‘उद्या या’ म्हटलं नाही. दोन अधिकारी जीप घेऊन परभणीला पळाले. जिल्हा बँकेत या बँकेच्या स्वतःच्या मुदत ठेवी होत्या. त्या पावत्या तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट उचलला. चारच्या सुमारास जीप परत आली. पेटी मागच्या दारानं आत घेण्याची पद्धत असते; त्या दिवशी ती मुद्दाम पुढून, रांगेच्या मधून आणली. रात्री नऊपर्यंत खिडकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी रांग निम्मी, तिसऱ्या दिवशी तुरळक माणसं. चौथ्या दिवशी लोक खाली मान घालून तेच पैसे परत भरायला आले. व्यवस्थापकांनी त्यांना ठेव मोडल्याचा दंड माफ केला आणि जुनाच व्याजदर दिला. नियमात ते बसत नव्हतं. मी अहवालात शेरा मारला, आणि मारताना माझी मलाच लाज वाटली.

ही गोष्ट सांगितली की लोकांना मांडव लक्षात राहतो. माझ्या लक्षात जिल्हा बँकेतला तो अधिकारी आहे, ज्यानं पावत्या हातात घेतल्या, उलटून पाहिल्या, आधीच कुठे तारण आहेत का हे रजिस्टरमध्ये तपासलं आणि मगच सही केली. पावत्या खऱ्या होत्या, मोकळ्या होत्या. म्हणून पैसे मिळाले.

दुसरी बँक माझ्याकडे आली ती बंद पडल्यावर, अवसायनात. तिथंही मृगच होता. रांगेच्या दिवशीची हकिगत रोखपालानं सांगितली, पण मला त्याच्या ड्रॉवरमध्ये एक कागद सापडला तो जास्त बोलका होता. वहीचा फाडलेला कागद, काचेवर चिकटवलेला, चारी कोपऱ्यांना टेपचे डाग. त्यावर लिहिलंय: ‘आज प्रत्येकी रु. ५,०००/-’. मग पाचावर काट मारून, त्याच पेनानं, दोन केलेत. ज्यानं सकाळी पाच वाचला आणि दुपारी दोन वाचला, त्यानं घरी फोन करून सगळ्या नातेवाइकांना बोलावलं नसतं तरच नवल. रांगेतले एक म्हातारे म्हणत होते म्हणे, ‘साहेब, पैसे आमचेच हायेत न? मग कामून देईनात?’ व्यवस्थापक सांगत होते, सर्व्हर डाउन आहे.

त्याच दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी एका आडत्याची मोठी ठेव मोडून पैसे आरटीजीएसनं दुसऱ्या बँकेत गेल्याची नोंद आहे. सर्व्हर त्याच्यापुरता चालू होता.

ते पाहिल्यावर मी मागे मागे जात राहिलो. गुढीपाडव्यापासून रांगेच्या दिवसापर्यंतची किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, काढली आणि पंचवीस लाखांवरच्या ठेवी मुदतीआधी कुणी मोडल्या ते एका कागदावर उतरवलं. अकरा निघाल्या. अकराही जणांनी मुदतपूर्व दंड भरला होता. चांगलं व्याज चालू असलेली ठेव, लग्न नाही, दवाखाना नाही, जमीन घेतलेली नाही, आणि तरी माणूस दंड भरून मोडतो. त्याला काहीतरी माहीत असतं. अकरापैकी सात आडनावं संचालक मंडळाच्या यादीत होती, नाहीतर त्यांच्या सासुरवाडीची होती. फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचे तपासणी अधिकारी येऊन गेले होते. तपासणीत काय निघालं हे मंडळाला कळलं, मंडळाकडून घरात कळलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा मृग निघाला होता. जूनच्या रांगेत राहिले ते भाजीवाले, शिक्षक, निवृत्त तलाठी, मुलीच्या लग्नासाठी ठेवणारे. त्यांच्यावर नंतर ‘अफवेला बळी पडलेले’ असा शिक्काही बसला.

तपासणीत काय निघालं असेल? तेच, जे आम्ही बहुतेक ठिकाणी पाहायचो: नवं-जुनं. शब्द गावात सगळ्यांना माहीत आहे. थकलेलं कर्ज ३१ मार्चला नव्या कर्जातून भरून घ्यायचं म्हणजे ते थकीत दिसत नाही. नव्वद दिवस हप्ता किंवा व्याज आलं नाही की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक धरावं लागतं, त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते, आणि निव्वळ एनपीए सहा टक्क्यांवर गेला की रिझर्व्ह बँक कर्जवाटपावर, लाभांशावर लगाम घालू शकते. ते टाळायचं म्हणून हा उद्योग. लेखापरीक्षकाला तो व्हाउचरवर दिसतो. ३१ मार्चच्या गठ्ठ्यात लागोपाठच्या क्रमांकांची व्हाउचरं: एका नावानं कर्ज रोखीनं दिलं, लगेच दुसऱ्या नावाचं जुनं खातं रोखीनं भरलं. रक्कम रुपयापर्यंत सारखी, अक्षर एकाच माणसाचं. आणि मागच्या बाजूला नोटांचा तपशील लिहायचा तक्ता असतो, पाचशेच्या किती, शंभरच्या किती, तो कोरा. चाळीस लाख रोख दिले आणि घेतले, पण एकही नोट मोजली गेली नाही.

तारणाचं विचारू नका. एका खात्याला गावाबाहेरचा अकृषक प्लॉट तारण होता, मूल्यांकन एक कोटी ऐंशी लाख. मी पाहायला गेलो तर निम्म्या प्लॉटमधून ओढा वाहत होता. मूल्यांकन करणाऱ्यानं भाव रस्त्याच्या कडेचा धरला होता आणि रस्ता अजून नकाशातच होता. कर्जदारांमध्ये ऊसतोड मुकादम होते, ज्यांच्या नावावर वाहतुकीचं कर्ज होतं पण ट्रॅक्टर दुसऱ्याच्याच दारात उभा. काहींना तर आपण कर्जदार आहोत हे माझ्या नोटिशीवरून कळलं.

आता हीच बँक रांगेच्या दिवशी दोन कोटी मागायला बाहेर गेली असती तर? गेलीच होती. दोन मोठ्या बँकांकडे गेली, असं व्यवस्थापकानं मला सांगितलं. त्यांनी पत्रकं मागितली. सरकारी रोखे बऱ्याच अंशी आधीच तारण होते आणि कर्जखात्यांवर कुणी एक रुपया द्यायला तयार नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: रांग कुठल्याही बँकेपुढे लागू शकते, खोट्या बातमीनंसुद्धा. तुमच्या अध्यक्षांना एवढंच विचारा की दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाकडे पैसे मागितले, काय तारण दाखवलं आणि समोरच्यानं काय कारण सांगून नाही म्हटलं. चांगल्या बँकेला या प्रश्नाचं उत्तर तारीखवार देता येतं. आणि सर्वसाधारण सभेत आणखी एक मागणी लेखी करा: रांगेच्या आधीच्या तीन महिन्यांत मुदतीआधी मोडलेल्या मोठ्या ठेवींची यादी. नावं देणार नाहीत, गोपनीयतेचं कारण सांगतील. नावं नकोत, तारखा आणि रकमा द्या म्हणावं.

थोडं विषयांतर. मला नेहमी विचारतात, बाहेरच्या माणसाला आधी कळावं असं काही असतं का. ताळेबंदात असतं: ‘येणे व्याज’ ही रक्कम कर्जापेक्षा वेगानं वाढत असेल तर व्याज कागदावरच जमा होतंय. ठेवींवर शेजारच्या राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा अडीच-तीन टक्के जास्त व्याज असेल तर ते कुठल्या कर्जातून कमावणार, हे विचारावं. पण ताळेबंद किती जण वाचतात? माझ्या अनुभवात सगळ्यात आधी कळतं पिग्मी एजंटला, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्याला. त्या दुसऱ्या बँकेची एक एजंट बाई होती, नवरा वारलेला, भाजी मंडई आणि बसस्टँडच्या गाड्यांवरून रोज वीस-पन्नास रुपये गोळा करायची. दीडशेच्या आसपास खाती. तिचं कमिशन मार्चपासून थकलं होतं. विचारलं तर ‘हेड ऑफिसहून मंजुरी यायची आहे’. जी संस्था तीन हजारांचं कमिशन तीन महिने देत नाही तिच्या पेटीत काय असेल, हे तिनं ताडलं आणि रांगेच्या आठ दिवस आधी गोळा करणंच थांबवलं. गाडेवाल्यांना म्हणाली, माझी तब्येत बरी नाही. बँक बंद पडल्यावर लोक अध्यक्षांच्या बंगल्यावर एकदाच गेले, हिच्या घरी रोज यायचे. मला भेटायला आली तेव्हा पिशवीत वह्या होत्या, प्रत्येक खात्याची वेगळी ओळ, शेवटच्या दिवसापर्यंतची. बँकेच्या संगणकात त्यातल्या सतरा खात्यांची शेवटची दोन-तीन भरणी चढलेलीच नव्हती. तिच्या वहीमुळे आम्ही ती मान्य केली. सांगायचं कारण, पिग्मीचं कार्ड, पासबुक, एजंटची पावती, काहीही फेकू नका.

आता आईचे पैसे.

तुमची संस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची नागरी सहकारी बँक आहे, म्हणून ठेव विमा लागू आहे. मर्यादा १९९३ पासून एक लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. हप्ता बँक भरते, ठेवीदाराच्या खिशातून काही जात नाही. पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून, त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या त्या व्यक्तीच्या सगळ्या ठेवी एकत्र धरून. तीन शाखांत तीन पावत्या केल्या म्हणून पंधरा लाख होत नाहीत. हा गैरसमज मी पदवीधरांच्या तोंडून ऐकलाय. तिच्या नावावर त्याच बँकेचं कर्ज असेल तर ते आधी वळतं होतं.

पूर्वी परवाना रद्द होऊन अवसायक नेमेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती, आणि केवढा आकांत झाला ते आठवत असेल. त्यानंतर कायदा बदलला. १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते: पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी पाठवते, उरलेल्या ४५ दिवसांत ठेव विमा महामंडळ तपासून पैसे देतं. बँक दुसरीत विलीन व्हायची शक्यता असेल तर हा काळ आणखी ९० दिवस वाढू शकतो. पैसे आपोआप येत नाहीत. संमतीचा अर्ज भरून द्यावा लागतो, सोबत केवायसी आणि दुसऱ्या चालू बँकेतलं खातं. निम्मी गावं इथेच अडकतात. आधारवर ‘शकुंतलाबाई’, पावतीवर ‘शकुंतला’, आणि पासबुकावर माहेरचं नाव. ही दुरुस्ती आजच सुरू करा, यादी जायची वाट बघू नका.

निर्बंध म्हणजे परवाना रद्द नव्हे, हे रिझर्व्ह बँक दर पत्रकात लिहिते आणि ते खरं आहे. काही बँका यातून बाहेर येतात. पण परवाना गेला तरी छोट्या ठेवीदाराचं सहसा नुकसान होत नाही. धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. अडचण उरलेल्या एक टक्क्याची असते, आणि तुमच्या आई कदाचित त्यात आहेत.

पाच लाखांवरचे दोन लाख अवसायकाच्या वसुलीतून येतील. आले तर. त्यातही वसूल झालेल्या पैशातून आधी विमा महामंडळाची परतफेड करावी लागते, मग पाच लाखांच्या वरच्या ठेवीदारांचा नंबर. सहकारी बँकांना सरफेसी या वसुलीच्या कायद्यानं, दिवाणी दाव्याशिवाय, तारण जप्त करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये कायम केलं, त्यामुळे वसुली पूर्वीपेक्षा सोपी आहे. पण ओढ्यातला प्लॉट जप्त करून काय करणार? माझ्या हाताखालच्या बँकेत वरच्या ठेवीदारांना पहिला हप्ता द्यायला आम्हाला सहा वर्षं लागली. म्हणून दोन लाखांच्या भरवशावर नातीचं लग्न किंवा घराचं काम काढू नका.

एक सावधगिरी. अशा वेळी गावात दलाल फिरायला लागतात: ‘पावती आम्हाला द्या, रुपयाला चाळीस पैसे रोख देतो.’ ही पावती तो एखाद्या बड्या कर्जदाराला विकतो आणि तो कर्जदार ती पूर्ण किमतीला आपल्या कर्जात वळती करून घ्यायला बघतो. ठेवीदाराचे साठ पैसे असे कर्जदाराच्या खिशात जातात. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, अर्जासोबत झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.

तुमच्यासारखेच प्रश्न मला पतसंस्था आणि मल्टिस्टेटच्या, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थांच्या, ठेवीदारांकडूनही येतात. त्यांना वेगळं उत्तर द्यावं लागतं, कारण तिथं ठेव विमा नाही. एक रुपयाचाही नाही. इमारत बँकेसारखी, काउंटर बँकेसारखे, गणवेशातला वॉचमन बँकेसारखा. पण रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येते, मल्टिस्टेट दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाखाली. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्याशी जोडलेल्या उद्योगसमूहावर आयकर विभागाचे छापे पडले, शाखांवर ठेवीदारांची झुंबड उडाली, आणि पुढे सगळं प्रकरण पोलीस, ईडी आणि न्यायालयात गेलं. अशा वेळी हाताशी असतो तो १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी. गुन्हा नोंदतो, मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल अधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालयाच्या परवानगीनं लिलाव होतो आणि पैसे प्रमाणात वाटले जातात. राज्यातली पतसंस्था असेल तर त्याच्या समांतर राज्याच्या सहकार कायद्याखाली कलम ८३ ची चौकशी आणि ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चिती. दोन्ही वाटा वर्षानुवर्षांच्या आहेत. मोर्चात जाऊन घोषणा देणारा ठेवीदार पुष्कळदा स्वतःचा जबाब पोलिसांत नोंदवायला विसरतो, आणि वाटपाच्या यादीत त्याचं नावच नसतं.

परत तुमच्याकडे येतो. आईचे सात लाख मी तोट्यातच धरलेले नाहीत, त्याचं कारण आहे. पावत्या कशा आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. सगळ्या एकट्या आईच्या नावावर असतील तर पाच. काही आईच्या एकटीच्या आणि काही आई व तुम्ही अशा संयुक्त नावानं असतील, तर संयुक्त ठेव वेगळ्या हक्कातली धरली जाते आणि तिला स्वतंत्र पाच लाखांची मर्यादा मिळते. दोन संयुक्त पावत्यांवर नावांचा क्रम उलटा असेल, एकीवर आई आधी आणि दुसरीवर तुम्ही आधी, तरीसुद्धा त्या वेगळ्या मोजतात. नुसतं नामनिर्देशन म्हणून तुमचं नाव असेल तर मात्र ते संयुक्त नव्हे. म्हणून आज संध्याकाळी पेटी उघडा, प्रत्येक पावतीवर ‘श्रीमती’ नंतर काय छापलंय आणि त्याखाली दुसरं नाव आहे का, ते रकमेसह एका कागदावर लिहा आणि मला पाठवा. पाच की सात, ते त्यावरून सांगता येईल.